प्लास्टरचे आजोबा

"नाही," माझी मुलगी म्हणाली, आणि इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली की भिंतीला टेकून बसलेल्या आम्हा सगळ्या पालकांच्या माना एकदम वर झाल्या. ती ओरडली नाही, रडली नाही, तिने पाय आपटले नाहीत. समोर गालिच्यावर पिवळ्या स्वेटरातला एक मुलगा हात पुढे करून बसला होता, शेजारी मांडीवर वही घेतलेल्या बाई बसल्या होत्या, आणि बाईंनी साखरेत घोळलेल्या आवाजात तिसऱ्यांदा विचारलं होतं, "मग आता आपण आपलं खेळणं या मित्राला देऊ या का?" विचारलं, तर उत्तर मिळालं. काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच, हे साडेतीन वर्षांच्या मुलीला कुणी समजवायचं? मुलाने भोकाड पसरलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी त्या शाळेतल्या वीतभर उंचीच्या खुर्चीत बसले होते, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "दे गं, तू शहाणी ना?" तो आवाज माझा नव्हता. माझ्या आईचा होता, हुबेहूब, शेवटच्या 'ना'वरच्या हेलकाव्यासकट. वय वाढलं की आई आपल्या घशातून बोलायला लागते, सगळ्यांचंच होतं ते, त्यात नवल काही नाही. मुलीने वळून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं मी तिच्या बाजूची आहे.

आता ते खेळणं काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल बाहुलीबिहुली असेल. शाळेने कळवलं होतं की मुलाचं सर्वांत आवडतं खेळणं सोबत आणा. पिवळ्या स्वेटरने आगीचा बंब आणला होता. एकीने कापसाचं अस्वल आणलं होतं. माझ्या मुलीने आजोबांना आणलं होतं. आजोबा म्हणजे प्लास्टरचा एक खालचा जबडा. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, जबडा तयार होतो, मग त्याच्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा. असाच एक जबडा ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला आणि हिरडीला खड्डा पडला. आठ दात शिल्लक असलेल्या कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा होता तो. मालक टोपलीत टाकणार होते, मी कागदांवर वजन ठेवायला म्हणून घरी आणला. भिंगरीने, म्हणजे माझ्या मुलीने, पहिल्याच दिवशी तो ताब्यात घेतला आणि त्याचं नाव आजोबा ठेवलं. तेव्हापासून आजोबा जेवायला पाटावर, आजोबा उशीवर, आजोबा संडासाच्या दाराबाहेर राखणीला. आजोबांना काय हवं नको ते तिलाच कळायचं. "आजोबांना आज बोलायचं नाहीये," असं ती सांगायची, आणि मग आम्हीही हळू बोलायचो.

शाळेतून निघताना बाईंनी मला एक कागद दिला. त्यावर आठ-दहा चौकोन होते. रंग ओळखणे, ठीक. बूट घालणे, ठीक. वस्तू वाटून घेणे, आणि पुढे लिहिलं होतं, 'सुधारणा अपेक्षित.' बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "काळजी करू नका, मुलं आपल्यावरच जातात. घरी जरा सराव करून घ्या. पुढच्या गुरुवारी परत या. मोठ्या बाई अशा मुलांना दुसरी संधी देतात." अशा मुलांना. मी कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि "हो बाई" म्हणाले. मला हो म्हणणं भाग होतं. भागातल्या बाकीच्या सगळ्या शाळा दुपारी बाराला मुलं हातात देतात. ही एकच संध्याकाळी सहापर्यंत सांभाळते, आणि माझ्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. आतापर्यंत सासूबाई भिंगरीला सांभाळत होत्या, पण त्या महिनाअखेर दिरांकडे राहायला जाणार होत्या, कायमच्या. मालकांना अर्ध्या दिवसाचं विचारून झालं होतं. ते म्हणाले, अर्ध्या दिवसात अर्धीच कवळी होते. म्हणजे या शाळेत जागा मिळाली तर माझं काम राहणार होतं, नाहीतर अकरा वर्षांचं काम सोडून मी घरी बसणार होते, आणि जागा मिळणार की नाही हे एका वहीतल्या चौकोनावर होतं. आजोबांना छातीशी धरून भिंगरी पुढे पुढे चालली होती, आणि मी तिच्या मागून दातओठ खात चालले होते. राग नक्की कुणाचा आला होता, ते मात्र घर येईपर्यंत कळलं नाही.

माझ्याकडे लहानपणी एक चावीचा बेडूक होता. फक्त एक दुपार होता. हिरवा पत्र्याचा, पोटाखाली चावी, फिरवली की तीन उड्या मारायचा आणि चौथ्या उडीला कलंडायचा. वडिलांनी कुठूनसा आणला होता. संध्याकाळी आत्या आली, तिचा मुलगा बेडकासाठी आडवा पडला, आणि आई म्हणाली, "दे गं, तू शहाणी ना?" मी दिला. आत्या म्हणाली, "गुणाची गं पोर." आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात, खरं सांगते, बेडकापेक्षा गोड लागला. तिथेच घोळ झाला. त्यानंतर मी देत सुटले. खोडरबर दिलं, खिडकीची जागा दिली, सहलीत झोक्यावरची माझी पाळी दिली, धाकट्या बहिणीला माझी खोली दिली. दिलं की हात डोक्यावरून फिरायचा. पुढे हात थांबले, नुसते शब्द यायला लागले, समजूतदार, सोशिक, मोठ्या मनाची. मोठ्या मनाची म्हणजे काय, तर जिच्या मनात कुणीही चपला घालून फिरावं. कारखान्यात माझं टेबल खिडकीजवळ होतं. दातांचा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही, उजेड लागतो. पिवळट पांढरा आणि करडा पांढरा यांत केसाचा फरक असतो आणि पेशंटच्या बायकोला तो पहिल्या दिवशी कळतो. दोन वर्षांपूर्वी एक नवी मुलगी कामाला आली, कानामागून आली, आणि मालक म्हणाले, "तिला शिकायचंय, तू जुनी, तू समजून घेशील." मी समजून घेतलं. तेव्हापासून मी आतल्या कोपऱ्यात बसते आणि रंग बघायचा झाला की नमुन्याच्या दातांची पट्टी हातात धरून रस्त्यावर जाते. पाऊस असला तर दारात उभी राहते. कुणी म्हणत नाही की हिचं टेबल हिला परत द्या. मीही म्हणत नाही. जी मागायला कधी शिकलीच नाही तिला परत मागणं कुठून येणार?

आणि तरीही मी सराव घेतला. हेच मला कुणी तरी समजावून सांगावं. सगळं कळत होतं, वळत नव्हतं. शुक्रवारी सकाळपासून सुरू केलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत असतो, तेव्हा त्याचा आवाज कायमच थंड. त्याला मी गालिचा नाही म्हणून चादरीवर बसवलं आणि सांगितलं, तू तो पिवळा स्वेटर. "म्हणजे रडू?" त्याने विचारलं. रड म्हटलं. तो रडायला लागला तसं भिंगरी इतकी हसली की हातातले आजोबा पडता पडता वाचले. पहिल्या दिवशी सराव तिथेच संपला. शनिवारी मी स्वतः बसले. "आजोबांना मला देऊ या का?" नाही. "थोडा वेळ?" नाही. "मी लगेच परत देईन." "मग मागतेस कशाला?" रविवारी मी खजुराची बी काढून वाटीत खजूर ठेवले. दिलं की एक खजूर आणि एक शाब्बास. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "सर्कशीत घालायचीय का तिला?" मी म्हणाले, "तू घरी राहतोस का मग? राहा. मी जाते कामाला, तू बस तिला घेऊन." तो वाईट माणूस नाही, पण घरी कुणी बसायचं हा प्रश्न आला की त्याला हमखास कुठल्या तरी लिफ्टची आठवण होते.

मंगळवारपर्यंत तिला जमायला लागलं. दिवसातून पंधरा वेळा. "देऊ या का?" म्हटलं की दोन्ही हातांनी आजोबा पुढे करायची, "घे," म्हणायची आणि हसायची. बुधवारी सकाळी मी ते हसू नीट बघितलं. हसू हा माझ्या धंद्याचा भाग आहे. माणूस खरं हसतो तेव्हा ओठ कुठवर चढतो आणि डॉक्टरने "हसा" म्हटल्यावर हसतो तेव्हा कुठवर, यावर वरचे दात किती लांब ठेवायचे ते ठरतं; दुसरं मोजून दात बसवले की घरी जाऊन माणूस पहिल्यांदा मनापासून हसतो आणि कवळीची गुलाबी कड बाहेर दिसते. भिंगरीचा ओठ डॉक्टरपुरता वर गेला, तिथे थांबला, आणि डोळे वाटीकडे गेले. आजोबांकडे तिने बघितलंही नाही. ते हसू मला पाठ होतं. बहिणीच्या लग्नातल्या फोटोत आहे, कारखान्याच्या फोटोत आहे, आरशातही असतं. पाच दिवसांत मी तिच्या तोंडात माझी कवळी बसवली होती. वाटीतले खजूर मी एकेक करून खाऊन टाकले, सगळे, उभ्याउभ्या, सिंकपाशी, आणि ती विचारत राहिली की तिला का नाही. गुरुवारी जायचं नाही, असं मी ठरवलं. गुरुवारी सकाळी उठून तिच्या वेण्या घातल्या आणि गेले.

तोच गालिचा, त्याच खुर्च्या, तीच वही. दुसऱ्या संधीवाली आम्ही दोनच घरं होतो, मी आणि पिवळ्या स्वेटरची आई. त्याचं काय सुधारायचं होतं कोण जाणे, बहुधा रडणं. या वेळी तो रडत नव्हता. माझ्याकडे तोंड करून बसला होता, स्वेटरची कॉलर नाकापर्यंत ओढलेली. भिंगरी त्याच्यासमोर, तिची पाठ माझ्याकडे. मी बघत होते बाईंचा हात. तो हात वहीवर कुठे जातो, कुठल्या चौकोनाशी थांबतो. बाई म्हणाल्या, "हं, तर आज आपण," आणि पुढचं बोलायच्या आत भिंगरीने आजोबांना उचलून त्या मुलाच्या मांडीवर ठेवलं. विचारायच्या आधीच. इतकी मुरली होती. "अगं वा," बाई म्हणाल्या, "किती शहाणी ही," आणि पेन चौकोनाकडे निघालं. शहाणी हा शब्द कानात गेला आणि माझ्यात काय झालं सांगता येत नाही. मी त्या इवल्या खुर्चीतून उठले, खुर्ची मागे चिकटून थोडी वर आली आणि पडली, मी गालिच्यावर चपलांसकट गेले, मुलाच्या मांडीवरून जबडा उचलला आणि म्हणाले, "हे तिचं आहे. ती देणार नाही. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते." बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मुलाच्या आईने मुलाला जवळ ओढलं. मी भिंगरीचा हात धरला आणि दार उघडून बाहेर पडले.

रस्त्यावर आले तेव्हा मला वारं लागल्यासारखं झालं होतं. किती वर्षांनी. मी ताडताड चालत होते आणि मनातल्या मनात एकेकाला धरून सुनावत होते. आत्याच्या मुलाला म्हटलं, आण इकडे बेडूक. मालकांना म्हटलं, उद्या सकाळी मी येऊन माझ्या टेबलावर बसणार, खिडकीजवळ, आणि त्या मुलीला रंग बघायचा असेल तर तिने जावं रस्त्यावर. काम गेलं तर गेलं, पण जाईपर्यंत उजेडात बसेन. आईला म्हटलं, तुला सगळ्या जगात द्यायला माझ्याच वस्तू बऱ्या सापडल्या. आई बिचारी आता हयात नाही, तरी सोडलं नाही तिला. मुलीच्या हसण्याचा बळी देऊन मला कुणाची शाळा नको होती. मी जिंकले होते. फक्त जिच्यासाठी जिंकले होते ती चालत नव्हती, हे मला बेकरीपर्यंत कळलं नाही. मी तिला जवळजवळ फरफटत आणलं होतं. बेकरीच्या पायरीशी तिने अंग टाकलं आणि खाली बसली.

"चल," मी म्हणाले. "झालं आता. आजोबा आपल्याकडेच आहेत, बघ."

"मी दिले होते," ती म्हणाली.

"हो गं, पण तुला द्यायचे नव्हते ना? त्या बाईंना दाखवायला दिलेस ना? आता नको दाखवायला. आता कुणाला काही द्यायला नको."

"बाईंना नाही. त्याला दिले." ती रडत नव्हती, चिडली होती. "त्याचे दात पडले. जिन्यावर. इथले आणि इथले. रक्त आलं. त्याने मला दाखवलं. आजोबांकडे दात आहेत. म्हणून दिले. तू घेतलेस."

मी, जिला रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचं तोंड आधी दिसतं आणि चेहरा मग, जी बसमध्ये अनोळखी माणसाच्या नकली दातांचा पूल कुठल्या दाताला धरलाय ते सांगू शकते, ती मी अर्धा तास त्या पोरापासून चार हातांवर बसले होते आणि पेनाकडे बघत होते. कॉलर त्याने का ओढली होती ते आता कळलं. माझ्या मुलीने बघितलं, विचार केला, आणि तिच्याकडचं दातांचं जे होतं ते त्याच्या मांडीवर ठेवलं. कुणी न सांगता. तो खालचा जबडा होता आणि पोराचे दात पडले होते वरचे, काही जमण्यासारखं नव्हतं, पण हे तिला कसं कळणार. आणि मी तिच्या हातून घेण्याचीही तसदी घेतली नव्हती, ज्याला मिळालं होतं त्याच्या मांडीवरून उचललं होतं. आईने निदान माझ्याकडे मागितलं तरी होतं.

"दे," भिंगरीने हात पुढे केला.

आता पुन्हा त्या दारात जायचं, त्या बायकांसमोर, इतकं सुनावून आल्यावर. माझं नाक तिथेच गालिच्यावर पडलं होतं, ते उचलायला जायचं. "उद्या देऊ," मी म्हणाले. "त्याचा पत्ता विचारू. घरी जाऊन देऊ." तिचा हात तसाच. मी जबडा तिच्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, उठली, आणि एकटीच शाळेच्या दिशेने चालायला लागली. मागे बघितलंही नाही. असेल हिंमत तर ये, नाहीतर बस बेकरीच्या पायरीवर, असं ती पाठ म्हणत होती. मी गेले.

बाई दारातच होत्या. मला बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. "होतं असं," त्या म्हणाल्या, "आयांवर फार ताण असतो. तुम्ही परत आलात हेच मोठं." मी म्हणाले, "मी माफी मागायला आले नाही. तिचं आत काम आहे." चपला दारात काढल्या आणि आत गेले. मुलाची आई त्याला बूट घालत होती. तिला मात्र मी म्हणाले, "मघाशी मी चुकले. त्याच्या मांडीवरून उचलायला नको होतं." ती बाजूला झाली. भिंगरी मुलासमोर बसली. त्याने कॉलर खाली केली आणि तोंड उघडलं. वरच्या मधल्या दोन दातांच्या जागी लालबुंद हिरडी, ओठ सुजलेला. भिंगरीने आजोबांना त्याच्या तोंडाशी धरलं, डोकं तिरकं करून मोजमाप घेतलं, बसत नाही हे तिलाही दिसलं असावं. "रात्री उशीवर ठेव," ती म्हणाली. "सकाळी ते बोलत नाहीत. हाक नको मारू." त्याने मान डोलावली आणि जबडा स्वेटराच्या आत घातला.

बाईंनी हे सगळं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. "थांबा," त्या म्हणाल्या, "थांबा हं, मोठ्या बाईंना बोलावते. त्यांनी बघायला हवं हे. मी नुसतं सांगितलं तर मघाचं ऐकून त्या तुमचं नाव यादीतून काढतीलच, पण त्यांनी डोळ्यांनी बघितलं तर प्रवेश नक्की." आणि वाकून भिंगरीला म्हणाल्या, "बाळा, आजोबांना एक मिनिट परत घे. मोठ्या बाई आल्या की पुन्हा असंच द्यायचं, अगदी असंच. देशील ना?"

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. "दिले," ती म्हणाली. "आता ते त्याचे आहेत. त्याला विचार."

मुलाने दोन्ही हात स्वेटरावर घट्ट दाबले आणि मान हलवली. मला सहापर्यंतची शाळा दिसत होती, दोन गल्ल्या दिसत होत्या, माझं टेबल दिसत होतं, कोपऱ्यातलं आणि खिडकीतलंही. माझी जीभ टाळ्याला लागली होती, तोच शब्द तयार होता, तोच हेलकावा. मी तो गिळला. बाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही तरी सांगा तिला," त्या म्हणाल्या.

"सांगणार नाही," मी म्हणाले.